टेक लॉगमध्ये स्नॅग कसा लिहावा: लाइन मेंटेनन्सला नव्याने रुजू झालेल्यांसाठी

एएमईच्या (विमान मेंटेनन्स इंजिनिअरच्या) कोर्सला सिस्टिम्स शिकवतात, नियम शिकवतात, मॉड्युलच्या परीक्षा घेतात. पण रात्री दीड वाजता विमान बेला (उभं करायच्या जागी) लागलंय, सकाळी सहाला त्याचं पुढचं उड्डाण आहे आणि समोर टेक लॉगचं (विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीचं) पान उघडं आहे, तेव्हा त्यावर स्नॅग, म्हणजे बिघाड, नेमक्या कोणत्या शब्दांत लिहायचा हे कोणी शेजारी बसून शिकवत नाही. बहुतेक नवी मुलं मागची पानं चाळतात आणि तसंच उतरवतात. मागच्याने मोघम लिहिलं असेल तर तोच मोघमपणा पुढे चालू राहतो.

हा लेख मुंबई, पुणे, नागपूर, गोवा किंवा कुठल्याही स्टेशनला लाइन मेंटेनन्सवर लागलेले ट्रेनी, टेक्निशियन आणि नुकतं लायसन्स मिळालेले इंजिनिअर यांच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः एअरबस ए३२० ची घेतली आहेत, कारण आपल्याकडे नव्या माणसाचा हात बहुधा त्याच विमानावर बसतो. प्रत्यक्ष नोंद इंग्रजीत, सुट्या कॅपिटल अक्षरांत करायची असते. खालचे नमुने फक्त समजण्यासाठी मराठीत दिलेत. तुमच्या कंपनीच्या एमओई किंवा सीएएमईमध्ये (कामाच्या पद्धतीच्या मॅन्युअलमध्ये) वेगळं काही सांगितलं असेल तर तेच पाळा.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तुमची नोंद वाचणारा माणूस त्या वेळी तिथे नव्हता. तो दुसऱ्या स्टेशनवर, दुसऱ्या शिफ्टमध्ये असेल, तुमचा फोन बंद असेल आणि त्याच्या हातात फक्त ते पान असेल.

हाताशी काय हवं

- टेक लॉग, केबिन लॉग आणि विमानात ठेवलेली डेफर्ड (पुढे ढकललेल्या) डिफेक्टची यादी
- एमईएल (काय बंद असताना विमान सोडता येतं ती यादी) आणि सीडीएल (बाहेरचा कोणता भाग नसला तरी चालतं ती यादी), दोन्हींची चालू रिव्हिजन
- एएमएम (मेंटेनन्स मॅन्युअल), टीएसएम (ट्रबलशूटिंग मॅन्युअल), आयपीसी (पार्टचा सचित्र कॅटलॉग). बाहेरून इजा असेल तर एसआरएम (स्ट्रक्चर दुरुस्तीचं मॅन्युअल)
- पीएफआरची (उड्डाणानंतर विमान स्वतः काढतं त्या बिघाड-अहवालाची) प्रिंट (कॉकपिटच्या प्रिंटरमधून निघते ती, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तिचा तिरपा फोटो नव्हे)
- बसवलेल्या पार्टचं रिलीज सर्टिफिकेट: सीए फॉर्म १, ईएएसए फॉर्म १ किंवा एफएएचा ८१३०-३
- टॉर्क रेंच, मीटर यांचे टूल नंबर आणि कॅलिब्रेशनची मुदत
- साधं बॉलपेन. पान कार्बनच्या प्रतींचं असतं. जेलपेनने लिहिलेलं खालच्या प्रतीवर उमटत नाही.

## १. कॅप्टनला गाडीत बसण्याआधी गाठा

डिफेक्ट पाहिलेला माणूस दहा मिनिटांत हॉटेलच्या गाडीत बसणार असतो. म्हणून चॉक (चाकांचे ठोकळे) लागले, दार उघडलं की आधी कॉकपिटमध्ये जा. स्नॅग लिहिलेला असेल तर त्यांच्यासमोरच वाचा आणि विचारा: सर, हे क्लाइंबला झालं की क्रूझला? किती वेळ राहिलं? आपोआप गेलं की तुम्ही काही केलं? ईसीएएमवर (कॉकपिटमधल्या इशाऱ्यांच्या पडद्यावर) नेमकी कोणती ओळ आली? कोणती चेकलिस्ट वापरली? एखादा कॉम्प्युटर रीसेट केला का?

शेवटचे दोन प्रश्न कधीही गाळू नका. बिघाड काय दिसला हे बहुतेक पायलट लिहितात, पण तो आवरायला आपण काय केलं हे अनेकदा लिहायचं राहतं. त्याची किंमत किती असू शकते हे इंडोनेशियाच्या लायन एअरच्या बोइंग ७३७ मॅक्सच्या बाबतीत दिसलं. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री डेनपासार ते जकार्ता उड्डाणात डावा अँगल ऑफ अटॅक सेन्सर (समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारा) सुमारे २१ अंश चुकीचं दाखवत होता. स्टिक शेकर (स्टॉलचा इशारा म्हणून कंट्रोल कॉलम थरथरवणारं यंत्र) जवळपास पूर्ण उड्डाणभर चालू राहिला आणि नाक खाली दाबणारा ट्रिम थांबवायला क्रूला स्टॅबिलायझर ट्रिमचे कटआउट स्विच बंद करावे लागले. जकार्ताला उतरल्यावर लॉगमध्ये मात्र एवढंच आलं: वेग आणि उंचीचे ‘डिसअ‍ॅग्री’ संदेश आणि ‘फील डिफ प्रेशर’चा दिवा. स्टिक शेकरचा उल्लेख नाही, कटआउटचा नाही. तिथल्या इंजिनिअरने लिहिलेल्या तक्रारीप्रमाणे काम केलं. पिटो-स्टॅटिकची एअर डेटा मॉड्युल्स फ्लश केली, एलिव्हेटर फील कॉम्प्युटरचा कनेक्टर साफ केला, जमिनीवरच्या टेस्ट पास झाल्या. सकाळी तेच विमान जावा समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. इंडोनेशियाच्या केएनकेटी या अपघात तपास संस्थेच्या २०१९ च्या अंतिम अहवालात ही अपुरी नोंद अपघाताला हातभार लावणाऱ्या घटकांमध्ये धरलेली आहे.

एमकॅसची (नाक आपोआप खाली दाबणाऱ्या प्रणालीची) रचना हा त्या अपघाताचा मोठा भाग होता, ते खरंच. पण आपल्या हातात असतो तो भाग म्हणजे लॉगचं पान. माझ्या मते नव्या माणसाने आधी इंजिन उघडायला नाही, प्रश्न विचारायला शिकावं.

एक सापळा इथेच सांगतो. काही कॅप्टन तोंडी सांगतात, “लिहीत नाही, जरा बघून घ्या.” नम्रपणे सांगा की लिहून द्या. नाहीच दिलं तर ती नोंद तुमच्याकडून, मेंटेनन्स एंट्री म्हणून करा किंवा शिफ्टच्या इंजिनिअरला करायला लावा. नोंद नसलेल्या स्नॅगवर पॅनेल उघडून काम केलं तर ते काम कागदावर अस्तित्वातच नसतं आणि चुकलं तर जबाबदारी तुमच्याच गळ्यात पडते.

## २. स्नॅगमध्ये निदान नको, दिसलं ते लिहा

‘ब्रेक खराब’, ‘एसी बरोबर नाही’, ‘रेडिओ खरखरतो’. अशा नोंदी रोज दिसतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. चांगल्या नोंदीत काय झालं, कुठल्या बाजूला किंवा कितव्या नंबरला, उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यात आणि आकडा किती, एवढं तरी असतं. उदाहरणार्थ:

*“टॅक्सी-इनमध्ये ‘ब्रेक्स हॉट’ कॉशन. ब्रेक नं. ३: ४१० अंश, नं. १, २, ४: १७० ते १९० अंश. ऑटोब्रेक लो, दोन्ही रिव्हर्सर वापरले.”*

ए३२० वर ही कॉशन ३०० अंश सेल्सिअसच्या वर येते, त्यामुळे कॉशन आली एवढंच लिहून काम भागत नाही. चारपैकी एकच ब्रेक तापला की चारही, यावर पुढची सगळी दिशा ठरते. एकच असेल तर तो ब्रेक अडकतोय का, त्याचा सेन्सर चुकतोय का, हे बघायचं. चारही असतील तर बहुधा विमान कसं उतरवलं आणि टॅक्सीला ब्रेक किती वापरला, हा प्रश्न येतो.

रेडिओचं: व्हीएचएफ १ की २, कोणती फ्रिक्वेन्सी, आपलं बोलणं पुढे जात नव्हतं की त्यांचं येत नव्हतं, एकाच हेडसेटवर की दोन्हीकडे. केबिन गरम असेल तर कोणता झोन, डिस्प्लेवर तापमान किती, जमिनीवर की हवेत, पॅक (एसीची युनिट्स) दोन्ही चालू होते का.

‘सेन्सर गेलाय’ असं स्नॅगमध्ये लिहू नका. तो निष्कर्ष आहे. पुढचा माणूस तो वाचून थेट सेन्सर बदलतो, आणि दोष वायरिंगमध्ये असेल तर चौथ्या दिवशी तोच स्नॅग परत येतो.

एका ओळीत एकच डिफेक्ट. दोन एकत्र लिहिले की एक सुटतो, दुसरा राहतो, आणि सही मात्र दोन्हींवर झालेली असते.

## ३. हात लावण्याआधी मागची पानं बघा

विमानात असतील तेवढी पानं उलटा, एएमओएस किंवा ट्रॅक्ससारख्या सिस्टिममध्ये त्या टेलचा (त्या विमानाचा) इतिहास काढा. एटीए चॅप्टर (प्रत्येक सिस्टिमला ठरवून दिलेले क्रमांक) पाठ असतील तर हे पटकन होतं: २१ एअर कंडिशनिंग, २४ इलेक्ट्रिकल, २७ फ्लाइट कंट्रोल्स, २९ हायड्रॉलिक्स, ३२ लँडिंग गिअर, ३४ नेव्हिगेशन, ३६ न्यूमॅटिक, ४९ एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन), ५२ दारं, ७० च्या पुढे इंजिन. शब्द निराळे असले तरी चॅप्टर तोच असतो, म्हणून चॅप्टरने शोधा.

तोच डिफेक्ट परत आलेला दिसला तर ‘रिपीट’ म्हणून एमसीसीला (मेंटेनन्स कंट्रोल सेंटरला) कळवा. किती दिवसांत किती वेळा आला म्हणजे रिपीट, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ठरलेलं असतं. डिफेक्टची नोंद, रिपोर्टिंग आणि विश्लेषण याबद्दल डीजीसीएचा (आपल्या विमान वाहतूक नियामकाचा) स्वतंत्र नियम आहे, सीएआर सेक्शन २, सीरिज सी, पार्ट १. तो एकदा बसून वाचा. भाषा रूक्ष आहे पण फार मोठा नाही.

## ४. दुरुस्तीची नोंद तक्रारीला उत्तर देणारी हवी

‘चेक्ड, फाउंड ओके’ हे आपल्या लाइनवरचं सगळ्यात लाडकं वाक्य. काय चेक केलं, कशाने, कोणत्या टास्कप्रमाणे, यातलं त्यात काहीच नाही. नोंदीत हे असू द्या:

पीएफआरवर काय आलं, कोणता टीएसएम टास्क घेतला, त्यात काय सापडलं, काय केलं, कोणत्या एएमएम टास्कप्रमाणे केलं, शेवटी कोणती टेस्ट केली आणि तिचा निकाल काय. टास्क नंबर पूर्ण लिहा. ‘एएमएम ३२ प्रमाणे’ असं लिहिणं म्हणजे ‘गाव पुणे’ एवढ्याच पत्त्यावर पत्र टाकणं.

पार्ट बदलला असेल तर काढलेल्याचा आणि बसवलेल्याचा, दोन्हींचे पार्ट नंबर आणि सिरियल नंबर लिहा. ते डेटा प्लेटवरून घ्या, खोक्यावरून नको. स्टोअर्समध्ये खोकी बदललेली असू शकतात. बसवलेल्या पार्टच्या फॉर्मचा ट्रॅकिंग नंबर किंवा स्टोअर्सचा बॅच नंबर लिहा. आयपीसीमध्ये तो पार्ट नंबर *या* विमानाला लागू आहे का ते बघा. एकाच ताफ्यातल्या दोन विमानांना वेगवेगळे पार्ट लागतात हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. काढलेल्या पार्टला अनसर्व्हिसेबल टॅग लावताना त्यावरही स्नॅगचे शब्द पूर्ण लिहा. नाहीतर वर्कशॉप त्याला टेस्ट बेंचवर लावतं, दोष दिसत नाही आणि तो तसाच स्टोअर्समध्ये परत येतो.

ट्रबलशूटिंगसाठी दोन बॉक्सची अदलाबदल केली, म्हणजे व्हीएचएफ १ चा २ ला आणि २ चा १ ला, तर दोन्ही सिरियल नंबर आणि नव्या जागा लिहा. दुसऱ्या विमानातून पार्ट काढून आणला तर त्या विमानाच्या लॉगमध्येही नोंद झाली पाहिजे, आधी तिथे आणि मग इथे. त्या विमानात भोक पडलंय हे त्याच्या लॉगला कळलं नाही तर रात्रीच्या घाईत ते तसंच रिलीज होऊ शकतं.

दोष दिसलाच नाही तर? तेही होतं, रोज होतं. तेव्हा केलेल्या प्रत्येक टेस्टचं नाव लिहा आणि विमान जमिनीवर, इंजिन बंद असताना तपासलं हेही लिहा. हवेत थंडीत किंवा व्हायब्रेशनमध्ये येणारा दोष बेवर दिसत नाही. पुढच्याला ही मर्यादा कळू द्या.

फ्लाइट कंट्रोल किंवा इंजिन कंट्रोलला हात लावला असेल तर दुसऱ्या अधिकृत माणसाची स्वतंत्र तपासणी आणि त्याची वेगळी सही लागते. त्याने खरंच वर चढून बघितलं पाहिजे. खाली उभं राहून केलेली सही मी तरी स्वीकारत नाही.

## ५. डेफर करायचं असेल तर

नवी मुलं सगळ्यात जास्त इथे गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर.

वेळ नाही, पार्ट नाही, पण एमईएल परवानगी देतो, अशा वेळी डिफेक्ट पुढे ढकलता येतो. सुरक्षिततेला गंभीर धोका असलेला डिफेक्ट पुढच्या उड्डाणाआधी सुटलाच पाहिजे, हे सीएआर-एममध्ये (उड्डाणयोग्यता टिकवण्याच्या डीजीसीएच्या नियमांत) स्पष्ट आहे. एमईएलमध्ये एखादी गोष्ट दिलेलीच नाही याचा अर्थ ‘चालेल’ असा नसतो. उड्डाणयोग्यतेशी संबंध असेल आणि यादीत नसेल, तर ती चालू असलीच पाहिजे. बाहेरचं छोटं पॅनेल किंवा फेअरिंगचा तुकडा हरवला असेल तर एमईएलऐवजी सीडीएल बघायचा.

मुदत. कॅटेगरी ए ची मुदत त्या आयटमच्या शेऱ्यात दिलेली असते. बी ला ३ दिवस, सी ला १० दिवस, डी ला १२० दिवस, सगळे सलग कॅलेंडर दिवस, आणि डिफेक्ट लिहिला तो दिवस मोजायचा नाही. १० तारखेला लिहिलेला बी कॅटेगरीचा डिफेक्ट १३ तारखेच्या मध्यरात्री संपतो.

कोणती मध्यरात्र, हा खरा प्रश्न. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहोत. मुंबईला ११ तारखेच्या पहाटे एक वाजता स्नॅग लिहिला, तर यूटीसीप्रमाणे अजून १० तारखेचे १९:३० वाजलेले असतात. यूटीसीने मोजलं तर मुदत आपल्या घड्याळात १४ तारखेच्या पहाटे साडेपाचला संपते. भारतीय वेळेने मोजलं तर १४ तारखेच्या रात्री बाराला. साडेअठरा तासांचा फरक. तुमची कंपनी कोणती वेळ धरते हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या आणि तारखेशेजारी वेळ कोणती ते लिहा.

किती बसवलेत, किती लागतात. एमईएलमध्ये हे दोन आकडे शेजारी असतात. ते वाचून मग शेरा शेवटपर्यंत वाचा. अटी बहुतेक शेवटच्या दोन ओळींत लपलेल्या असतात.

एम आणि ओ. ‘एम’ असेल तर मेंटेनन्सने काहीतरी करायचं आहे: व्हॉल्व्ह हाताने बंद करून लॉक करणं, सर्किट ब्रेकर ओढून त्याला कॉलर लावणं, वगैरे. ते करा आणि टास्क नंबरसह लिहा. ‘ओ’ असेल तर क्रूने करायचं आहे, म्हणून कॅप्टनला सांगितल्याशिवाय खाली उतरू नका. कॉकपिटमध्ये प्लॅकार्ड लावा. डिफेक्ट सुटल्यावर ते काढायचंही असतं, आणि ते काढल्याचं लिहायचंही. जुनं प्लॅकार्ड चिकटलेलं विमान मी कितीतरी वेळा पाहिलंय.

आधीचे डेफर्ड डिफेक्ट. हा सगळ्यात फसवा सापळा. एपीयू बंद ठेवून ए३२० सोडता येतं. एका इंजिनचा जनरेटर बंद ठेवूनही सोडता येतं, पण त्याची अट अशी की एपीयूचा जनरेटर चालू हवा आणि उड्डाणभर वापरला पाहिजे. म्हणजे एपीयू आधीच डेफर्ड असेल तर जनरेटर डेफर करता येत नाही. दोन्ही पानं सुटी सुटी वाचली तर दोन्ही ‘गो’ वाटतात. म्हणून डेफर्ड यादी शेजारी ठेवूनच एमईएल उघडायचा.

त्याच एपीयूचं आणखी एक: पुढच्या स्टेशनला जीपीयू (जमिनीवरून वीज देणारं युनिट) आणि एअर स्टार्ट युनिट आहे का, हे एमसीसीला विचारा. आणि काही डिफेक्टमुळे विमानाची लो व्हिजिबिलिटी (धुक्यासारख्या कमी दृश्यमानतेत उतरण्याची) क्षमता खाली येते. मुंबईत त्याने काही अडत नाही, पण डिसेंबरात ते दिल्लीच्या धुक्यात गेलं तर डायव्हर्ट होतं. डाउनग्रेड लॉगमध्ये आणि डिस्पॅचला, दोन्हीकडे गेलं पाहिजे.

मुदतवाढ मागणं तुमच्या हातात नाही. ते कॅमो (कंपनीचा उड्डाणयोग्यता सांभाळणारा विभाग) बघतो. संपायला आलेली मुदत दिसली की कळवा, एवढंच तुमचं काम.

## ६. बाहेरची इजा: मापाशिवाय नोंद करू नका

पावसाळ्यात मुंबईला बर्ड हिट वाढतात, वीज पडलेली विमानं येतात, आणि बारा महिने कुठली ना कुठली शिडी किंवा लोडर दाराजवळ घासतोच. ‘दाराजवळ डेंट’ याला काही अर्थ नाही. कोणत्या फ्रेम आणि स्ट्रिंगरच्या (सांगाड्याच्या कड्या आणि लांब पट्ट्यांच्या) मध्ये, लांबी, रुंदी, खोली, जवळच्या रिव्हेटच्या ओळीपासून अंतर, रंग निघालाय की धातूला चीर आहे. शेजारी पट्टी ठेवून फोटो. आधी विमानाच्या डॅमेज चार्टमध्ये बघा. तिथे नोंद असेल आणि माप जुळत असेल तर तो संदर्भ लिहून मोकळे व्हा. नसेल तर एसआरएमची मर्यादा तपासल्याशिवाय विमान हलत नाही. वीज पडली असेल तर आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची, दोन्ही जागा शोधायच्या.

## ७. सही

लायसन्स आणि कंपनीचं ऑथरायझेशन ज्याच्याकडे आहे तोच सीआरएस (विमान सेवेत सोडण्याचं प्रमाणपत्र) देतो, तेही त्याच्या कॅटेगरीत. ट्रेनीने नोंद लिहायला हरकत नाही, पण रिलीज करायची नाही. स्टॅम्प कोणाला उसना देऊ नका, अगदी ‘चहा घेऊन येतो, तेवढं मारून ठेव’ म्हटलं तरी.

चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, पान फाडणं तर अजिबात नाही. पानांना क्रमांक असतात आणि हरवलेल्या क्रमांकाचा जाब द्यावा लागतो.

## ८. काम अर्धं राहिलं तर

शिफ्ट संपली, काम संपलं नाही. तोंडी सांगून घरी जाऊ नका. ११ सप्टेंबर १९९१ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या ईगल लेकजवळ कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्राअर १२० हवेत मोडलं. विमानातले १४ ही जण गेले. आदल्या रात्री शेपटीवरच्या आडव्या स्टॅबिलायझरचे डी-आयसिंग बूट (बर्फ काढणारे रबरी पट्टे) बदलायचं काम दोन शिफ्टमध्ये वाटलं गेलं होतं. डाव्या बाजूच्या वरच्या कडेचे ४७ स्क्रू एका शिफ्टने काढले, आणि ते काढल्याची नोंद पुढच्या शिफ्टच्या हाती पडली नाही. शेपूट उंच, स्क्रू वरच्या अंगाला. खालून दिसण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून जे काही उघडलं, सैल केलं, डिस्कनेक्ट केलं, ते प्रत्येक स्वतंत्र ओळीत ‘ओपन’ म्हणून लिहा. ओढलेले सर्किट ब्रेकर, काढलेली पॅनेलं, लावलेल्या लॉक पिन, सगळं. शेवटचा पूर्ण झालेला टास्क स्टेप लिहा. मग पुढच्या माणसाला विमानापाशी नेऊन बोटाने दाखवा. हँडओव्हर रजिस्टरवर दोघांच्या सह्या घ्या.

## ९. विमान सुटण्याआधी

पानाची स्टेशनची प्रत काढून घेतली का बघा; ती जमिनीवर राहिली पाहिजे. खालची प्रत वाचता येतेय का तेही बघा. इलेक्ट्रॉनिक टेक लॉग असेल तर टॅबलेटवर ‘सेव्ह’ झालं म्हणजे सर्व्हरवर गेलं असं नाही. बेवर नेटवर्क गेलं तर नोंद टॅबलेटमध्येच अडकून विमानासोबत उडून जाते आणि एमसीसीला डिफेक्ट अजून उघडाच दिसतो. सिंक झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबा. दिसली नाही तर एमसीसीला फोन करून पान क्रमांक आणि नोंद वाचून दाखवा, आणि कोणाशी किती वाजता बोललात ते हँडओव्हर रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.